जुनी जपानी तलवार कशी पाहावी : आकार आधी, नाव शेवटी

जुन्या जपानी तलवारीसमोर प्रथमच उभा राहणारा माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो : ही कोणी घडवली? प्रश्न स्वाभाविक आहे. पण सुरुवात तिथून केली की तलवार पाहायची राहूनच जाते. नामांकित कारागिराचे पाते आहे असे कळले, की त्यात नसलेले गुणही दिसू लागतात, आणि नाव अनोळखी असले तर असलेले गुण नजरेतून सुटतात. जपानमधील जाणकारांनी यावर चांगली तोड काढलेली आहे. कांतेई नावाच्या परीक्षण-बैठकीत पात्याचा मुठीत बसणारा भाग झाकलेला असतो आणि उपस्थितांनी केवळ उघडे पाते पाहून काळ, प्रांत, घराणे आणि शेवटी कारागीर ठरवून तो कागदावर लिहून द्यायचा असतो. उत्तर अचूक असेल तर ‘आतारी’ असा शेरा मिळतो. कारागीर चुकला, पण त्याच घराण्यातला अगदी जवळचा माणूस लिहिला असेल तर ‘दोझेन’, म्हणजे बरोबरच धरण्याजोगे. तलवार शिकायची तर हाच क्रम धरावा : आधी आकार, मग पोलाद, मग धारेलगतचे पाणी, म्हणजे तापलेले पाते पाण्यात बुडवल्यावर धारेलगत उमटणारी रेषा, आणि सही सर्वांत शेवटी.

हातात घेताना

प्रत्यक्ष तलवार हाताळण्याची संधी मिळाली, तर काही शिस्त पाळावीच लागते आणि ती केवळ शिष्टाचारापुरती नाही. उघड्या पोलादाला बोट लागले की घामातला क्षार आणि ओलावा तेथे राहतो, आणि पुढे त्याच ठशाच्या आकाराचा गंज धरतो. तो काढायचा तर पाते पुन्हा घासावे लागते, आणि प्रत्येक घासणीत पोलाद थोडे का होईना कमी होते. म्हणून अंगठ्या, घड्याळ आणि गळ्यातली लोंबती साखळी आधीच काढून ठेवावी, आणि पात्यावर वाकून बोलणे टाळावे. थुंकीचा सूक्ष्म तुषारही डाग पाडायला पुरतो.

उपसताना धार वरच्या बाजूला असावी. डाव्या हाताने म्यान खालून पेलावे, उजव्या हाताने मूठ धरावी, आणि पाते आपल्या बोथट पाठीवर घसरत येईल अशा बेताने, घाई न करता पण मध्येच न थांबता, सरळ बाहेर ओढावे. धार खाली ठेवून ओढले तर ती म्यानाचे लाकूड आतून कापते, आणि वाकडे ओढले तर पात्यावर ओरखडे उमटतात. पाहताना टोकाकडचा भार पेलण्यासाठी डाव्या हातात मऊ कापड घेऊन त्यावर पाठ टेकवावी. दुसऱ्याला देताना तलवार उभी धरावी, धार आपल्याकडे ठेवावी आणि समोरच्याची पकड पक्की झाल्याखेरीज आपला हात सोडू नये.

मूठ उतरवणे अवघड वाटते, पण ती फार साध्या युक्तीने बसवलेली असते. मुठीतून आरपार गेलेली बांबूची बारीक खुंटी, मेकुगी, तेवढी तिला धरून ठेवते. ती काढल्यावर डाव्या हाताने मुठीचे टोक धरून तलवार किंचित तिरकी उभी ठेवायची आणि उजव्या हाताची मूठ वळून डाव्या मनगटावर ठोसा मारायचा. त्या धक्क्याने पाते सैल होऊन वर सरकते. पहिला ठोसा अगदी हलका असावा. आखूड पाते जोरदार ठोशाने मुठीतून उडून बाहेर येऊ शकते. हे काम प्रथम करताना अनुभवी माणूस शेजारी असलाच पाहिजे.

अर्थात बहुतेकांना तलवार काचेपलीकडेच दिसणार, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखे फारसे नाही. तोक्योच्या उएनो भागातले राष्ट्रीय संग्रहालय, २०१८ साली र्योगोकू येथे नव्या इमारतीत गेलेले जपानी तलवार संग्रहालय, ओकायामा प्रांतातले बिझेन ओसाफुने तलवार संग्रहालय, नागोयाचे तोकुगावा कलासंग्रहालय, अशा ठिकाणी जी पाती पाहायला मिळतात ती खासगी संग्राहकाच्या हाती क्वचितच येतात. तेथे एक गोष्ट मात्र करावी लागते : तलवार हलत नाही, म्हणून आपण हलायचे. त्याविषयी पुढे येईलच.

आकारातून काळ

पाते प्रथम हातभर दूर धरून, किंवा काचेपासून दोन पावले मागे सरून, केवळ बाह्यरेषा पाहावी. लांबी किती, बाक किती आणि तो नेमका कोठे पडला आहे, बुडाकडची रुंदी टोकापर्यंत किती निमुळती होते आणि टोक, म्हणजे किस्साकी, लहान की मोठे, एवढ्या गोष्टींतून पुष्कळदा काळ शतकाच्या आत बांधता येतो. लांबी टोकापासून पाठीवरच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजतात. जुन्या शाकू मापाप्रमाणे, ज्यात एक शाकू म्हणजे सुमारे ३०.३ सेंटिमीटर, दोन शाकूंहून लांब ती कातना किंवा ताची, एक ते दोन शाकूंमधली वाकिझाशी आणि त्याहून आखूड तो तांतो. ताची कमरेला धार खाली ठेवून टांगली जाई, तर कातना धार वर ठेवून पट्ट्यात खोवली जाई; संग्रहालयातही त्या बहुधा तशाच मांडतात, त्यामुळे पाटी न वाचताही दोहोंतला फरक ओळखता येतो.

अगदी आरंभीच्या तलवारी सरळ होत्या. बाकदार, एकधारी, अंगावर उभी कड असलेले जे रूप आपण जपानी म्हणून ओळखतो ते हेआन काळाच्या (आठव्या शतकाच्या अखेरीपासून बाराव्या शतकापर्यंत) उत्तरार्धात स्थिरावले. त्या काळचे पाते सडपातळ असते, बुडाशी रुंद आणि टोकाकडे झपाट्याने निमुळते होत जाते, टोक लहान असते आणि बाकाचा सर्वांत खोल बिंदू मुठीजवळ असतो. क्योतोच्या सांजो मुनेचिकाची ‘मिकाझुकी’ ही तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयातली ताची या आकाराचा उत्तम नमुना आहे. तिची लांबी सुमारे ८० सेंटिमीटर आहे. मिकाझुकी म्हणजे चंद्रकोर, आणि हे नाव बाकावरून पडलेले नसून पाण्याच्या रेषेलगत दिसणाऱ्या कोरीच्या आकाराच्या खुणांवरून पडलेले आहे.

कामाकुरा काळात (बाराव्या शतकाच्या अखेरीपासून १३३३ पर्यंत) योद्ध्यांचे राज्य आले आणि पाती रुंद, भारदस्त झाली. निवृत्त सम्राट गो-तोबा याने तर नामवंत कारागिरांना पाळीपाळीने दरबारी बोलावून स्वतःही तलवारीला पाणी दिल्याची परंपरा सांगितली जाते. चौदाव्या शतकातील नानबोकुचो काळात आकार प्रचंड वाढला : लांबलचक, रुंद, पातळ अंगाची आणि मोठ्या टोकाची पाती. पुढे मुरोमाची काळात, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकांत, लढाई घोड्यावरून जमिनीवर उतरली, उपसता उपसताच वार करता येईल अशी आखूड तलवार सोयीची ठरली, आणि बाकाचा भर टोकाकडे सरकला. १५९६ नंतरच्या तलवारींना शिंतो, अर्थात नव्या तलवारी, असे म्हणतात आणि त्याआधीच्या कोतो, म्हणजे जुन्या. शिंतोमध्ये सर्वांत सहज ओळखू येणारा आकार १६६१ ते १६७३ या कानबुन वर्षांच्या आसपासचा : बाक इतका कमी, की पाते जवळजवळ सरळ भासते. अठराव्या शतकाच्या अखेरीस सुइशिन्शी मासाहिदे याने जुन्या पद्धतींकडे परतण्याचा आग्रह धरला आणि त्यातून कामाकुरा व नानबोकुचो रूपांची भारी, जाड अंगाची पुनरावृत्ती सुरू झाली.

येथेच एक मेख आहे आणि नवखा माणूस हमखास तिच्यात अडकतो. आज दिसणारा आकार हा मूळचा आकार असेलच असे नाही. नानबोकुचो काळातल्या त्या अजस्र तलवारी पुढच्या पिढ्यांना पेलेनात, म्हणून त्या कापल्या गेल्या. कापताना टोक अबाधित ठेवून बुडाकडून पाते कमी करतात. पूर्वीचे पाते मुठीत जाते आणि पूर्वीचा मुठीतला भाग सहीसकट तोडून टाकला जातो. या क्रियेला सुरिआगे म्हणतात. रुंद पाते, भलेमोठे टोक, त्या मानाने बेताची लांबी आणि टोकाकडे फारसे न निमुळते होणारे अंग दिसले, की हे पाते पूर्वी बरेच लांब असावे अशी शंका घ्यावी. पंचाईत अशी, की १५९६ नंतरच्या पहिल्या काही दशकांतल्या कारागिरांनी नेमक्या या कापलेल्या तलवारींचाच आकार नवा म्हणून घडवला. तेव्हा निव्वळ आकारावर थांबता येत नाही. पोलादाकडे वळावे लागते.

पोलाद

परंपरागत तलवारीचे पोलाद, तामाहागाने, लोहयुक्त वाळूपासून तातारा नावाच्या मातीच्या भट्टीत तयार होते. आज हे काम शिमाने प्रांतातील ओकुइझुमो येथे चालते. तलवार जतन संस्थेने तेथली भट्टी १९७७ मध्ये पुन्हा पेटवली आणि हिवाळ्यात तिचे मोजकेच वेळा काम होते. तीन दिवस तीन रात्री अखंड चालणाऱ्या एका भट्टीत सुमारे १० टन वाळू आणि १२ टन कोळसा पडतो, आणि शेवटी भट्टीच फोडून सुमारे अडीच टनांचा एक ओबडधोबड गोळा बाहेर काढतात. त्यातले उत्तम प्रतीचे पोलाद एक टनही भरत नाही.

हा गोळा एकजिनसी नसतो. कोठे कर्ब जास्त, कोठे कमी, मध्ये मळी अडकलेली. म्हणून कारागीर त्याचे तुकडे निवडतो, तापवून एकत्र ठोकतो, लांबवतो, मध्ये छिन्नीने खाच पाडून दुमडतो आणि पुन्हा ठोकतो. जपानी तलवार हजारो वेळा दुमडलेली असते, हे सर्वत्र ऐकू येणारे वाक्य चुकीचे आहे. दुमडणे साधारण दहा ते पंधरा वेळा होते. पंधरा दुमडींत थरांची संख्याच ३२ हजारांच्या वर जाते, आणि त्यापुढे दुमडत राहिले तर कर्ब जळून पोलाद मऊ पडते. दुमडण्यात जादू नाही. त्या काळच्या पोलादाला शुद्ध आणि समान करण्याचा तो एकमेव व्यवहार्य मार्ग होता, आणि सौंदर्य त्या गरजेतून जन्मले. बाहेरचे कठीण पोलाद आणि आतला मऊ गाभा अशी जोडणीही अनेक पात्यांत असते.

दुमडीचे थर घासणीनंतर पृष्ठभागावर नक्षीसारखे दिसतात. त्या पोताला हादा म्हणतात आणि लाकडाच्या रेषांवरून त्याचे प्रकार ठरवलेले आहेत : आडव्या कापलेल्या फळीसारखा इतामे, गाठींच्या वर्तुळांचा मोकुमे, सरळ उभ्या रेषांचा मासामे आणि नियमित लाटांचा आयासुगी. पाहताना दिवा वरून यावा, पाते डोळ्यांपासून वीतभर अंतरावर आणि धारेपेक्षा कड ते धार यांमधल्या पट्ट्यावर नजर असावी. आरंभी काहीच दिसत नाही, केवळ करडी चकाकी दिसते. पाते अगदी थोडे इकडे-तिकडे कलते करत राहिले की एखाद्या क्षणी पोत उघडा पडतो, आणि एकदा दिसला की पुढे सहज दिसतो.

कोतो काळातील पाच परंपरा ओळखायला या पोताचा मोठा आधार होतो. नारा परिसरातील यामातो परंपरेत सरळ मासामेचा अंश असतो. क्योतोच्या यामाशिरो परंपरेचे पोलाद फार बारीक आणि ओलसर भासणारे. कामाकुरा येथील सोशू परंपरेत ठसठशीत इतामे आणि त्यात चमकणाऱ्या गडद रेषा. मिनो, म्हणजे आजच्या गिफूच्या, परंपरेत कडेकडे सरकलेला मासामे. बिझेन परंपरेची, म्हणजे आजच्या ओकायामाची, खूण वेगळीच : पाण्याच्या रेषेच्या वर, तिच्यापासून सुटी, पोलादात एक पुसट पांढुरकी छाया उठते. तिला उत्सुरी म्हणतात. जुन्या बिझेन पात्यावर ती चांगली दिसली तर ते पाते सहसा नंतरच्या काळाचे नसते, कारण पुढच्या कारागिरांना ती तशी साधणे फार अवघड गेले.

धारेचे पाणी

पात्याला पाणी देण्यापूर्वी कारागीर त्यावर चिकणमाती, कोळशाची पूड आणि सहाणेच्या दगडाची पूड यांचा लेप चढवतो : पाठीकडे जाड, धारेकडे पातळ. मग अंधार केलेल्या कार्यशाळेत, केवळ तापलेल्या पोलादाचा रंग पाहून, सुमारे ७५० ते ८०० अंश सेल्सिअसला आल्याचा अंदाज घेऊन तो ते पाण्यात बुडवतो. पातळ लेपाखालची धार क्षणात थंड होऊन अत्यंत कठीण होते, जाड लेपाखालची पाठ सावकाश निवून चिवट राहते. कठीण झालेली धार आकारमानाने किंचित फुगते आणि त्यामुळे पाते पाठीकडे वाकते; बाक काही अंशी असा आपोआप येतो. याच क्षणी पाते तडकूही शकते, आणि तडकले की आधीचे सगळे श्रम वाया जातात. कठीण आणि चिवट भागांमधली जी सीमा उरते ती हामोन. तलवार पाहण्यातला माझ्या मते सर्वांत समृद्ध भाग हाच आहे, आणि सर्वांत जास्त फसगतही येथेच होते.

काचेपलीकडून पाहताना धारेलगत जो पांढरा, नागमोडी पट्टा ताबडतोब दिसतो तो पुष्कळदा हामोन नसतोच. घासणी करणारा कारागीर शेवटच्या टप्प्यात बोटाखाली दगडाची पातळ चकती धरून हामोनच्या अनुरोधाने तो भाग पांढरा करतो. हादोरी नावाची ही रीत मेजी काळात (१८६८ ते १९१२) रूढ झाली. पांढरा पट्टा ही घासणीकाराने केलेली मांडणी; खरा हामोन तिच्या आत आहे. तो पाहण्यासाठी खोली मंद असावी, एकच ठळक दिवा असावा, ट्यूबलाइटचा पसरट उजेड नसावा. पाते दिव्याच्या दिशेने जवळजवळ रोखून धरावे आणि दिव्याचे प्रतिबिंब हामोनच्या कडेवर येईल इतके कलते करावे. पांढरा पट्टा त्या कोनात विरून जातो आणि त्याजागी तेजस्वी कणांची रेषा उमटते. संग्रहालयात हेच काम गुडघ्यांनी करायचे : काचेसमोर हळूहळू खाली बसत जावे, दिव्याचे प्रतिबिंब पात्यावर सरकत धारेपाशी आले की थांबावे, आणि मग खेकड्यासारखे आडवे सरकत मुठीपासून टोकापर्यंत जावे. इतर प्रेक्षक पाहतात, पाहू द्यावे.

त्या रेषेत दोन प्रकारचे कण असतात. निए म्हणजे डोळ्यांना सुटे सुटे दिसणारे चमकदार कण, आणि निओइ म्हणजे सुटे न दिसणारी धुकट, दुधाळ रेघ. दोन्हीचे द्रव्य एकच, फरक कणांच्या आकाराचा. सोशू परंपरेत निएचा भर असतो, बिझेनमध्ये निओइचा. निएमधून विजेसारख्या चमकत जाणाऱ्या रेषांना किनसुजी म्हणतात, आणि झाडूने वाळूवर ओढल्यासारख्या दिसणाऱ्या फराट्यांना सुनागाशी. कामाकुराच्या मासामुनेची कीर्ती मुख्यतः अशाच क्रियांच्या विपुलतेवर उभी आहे, हामोनच्या रेखीव आकारावर नव्हे. उलट ओसाकाचा त्सुदा सुकेहिरो (१६३७ ते १६८२) याने उसळत्या लाटांसारखा ‘तोरानबा’ हामोन रूढ केला, जो कोणालाही पहिल्या नजरेत आवडतो. सरळ रेषेचा सुगुहा हामोन मात्र दिसायला साधा आणि पारखायला अवघड असतो. तेथे आकाराचा आधार नसतो, म्हणून कणांची दाटी, स्वच्छता आणि सातत्य एवढ्यावरच निकाल लागतो.

टोकातला हामोन, बोशी, वेगळा पाहावा. तो टोकाला वळसा घालून पाठीकडे कसा परततो, गोल की टोकदार, लांब की आखूड, यातून घराणे कळते. टोक मोडून पुन्हा घडवले असेल आणि बोशी नाहीशी झाली असेल, तर पात्याचे मोल फार घटते. धारेला काटकोनात गेलेली केसासारखी चीर, हागिरे, त्याहून गंभीर. ती असलेले पाते कामाच्या दृष्टीने संपलेले मानतात. फोड, थरांतल्या फटी किंवा कोठे कोठे उघडा पडलेला गाभा हे वयोमानाचे दोष असून सातशे वर्षांच्या पात्याला ते क्षम्य ठरतात.

आगीत सापडलेल्या तलवारी हा निराळा अध्याय आहे. १६१५ मध्ये ओसाका किल्ला पडला तेव्हा आणि १६५७ च्या एदोतील, म्हणजे आजच्या तोक्योतील, महाभयंकर आगीत असंख्य पात्यांचे पाणी उतरले, आणि त्यांतल्या काहींना पुन्हा पाणी देण्यात आले. अशा पात्यात मुठीजवळ धारेपासून तिरकी वर जाणारी धूसर छाया दिसू शकते. पण तेवढ्यावरून निर्णय देऊ नये, कारण होरिकावा कुनिहिरो याच्या अस्सल पात्यांवर अशी छाया मूळचीच आढळते. बनावट हामोन मात्र ओळखायला सोपा : तो आम्लाने उमटवलेला असतो, कोणत्याही कोनात सारखाच दिसतो आणि त्यात कणांची रेषा नसते.

मुठीतला भाग

आता मूठ उतरवावी. पात्याचा झाकलेला भाग, नाकागो, कधीही घासला किंवा तेलपाण्याने स्वच्छ केला जात नाही. तेथला गंज हा पुरावा आहे. शतकांचा गंज काळपट-तपकिरी, घट्ट आणि हाताला गुळगुळीत लागतो. नवा गंज लालसर आणि भुसभुशीत असतो. वारशात आलेली तलवार कोणी हौसेने पॉलिश पेपरने लखलखीत करून ठेवल्याचे प्रकार घडतात, आणि त्यात जे जाते ते कोणताही कारागीर परत आणू शकत नाही.

गंजाखाली कानशीच्या खुणा दिसतात. आडव्या, तिरक्या किंवा पिसासारख्या, आणि त्या प्रत्येक घराण्याच्या ठरलेल्या असतात. मग खुंटीची भोके मोजावीत. एकापेक्षा जास्त भोके म्हणजे पाते कापले गेले किंवा मूठ बदलली गेली. त्यानंतर सही. टोक वर धरून सहीची बाजू समोर घेतली आणि धार डावीकडे आली, तर सही कातना म्हणून कोरलेली आहे. उजवीकडे आली तर ताची म्हणून. क्युशू बेटावरील हिझेन प्रांताच्या तादायोशी घराण्याने कातनांवरही ताचीच्या बाजूला सही केली, तेव्हा हा नियमही आंधळेपणाने लावता येत नाही. एका बाजूला प्रांत, गाव आणि नाव, दुसऱ्या बाजूला वर्ष व महिना अशी मांडणी असते, आणि महिना बहुतेक वेळा दुसरा किंवा आठवा लिहिलेला असतो. शिंतो काळात नावाआधी ‘अमुक प्रांताचा अधिपती’ अशी पदवी येते. ती मानाची होती, राज्यकारभाराची नव्हती.

सही भिंगाखाली पाहावी. छिन्नीने कोरताना पोलाद खोदले जात नाही, बाजूला सरकते, त्यामुळे प्रत्येक रेघेच्या काठाला बारीकसा उंचवटा उठतो. जुन्या सहीत हा काठ झिजून गंजाशी एकरूप झालेला असतो आणि रेघेच्या तळाशीही तोच गंज असतो. जुन्या गंजावर नंतर कोरलेल्या सहीत रेघ त्या गंजाला कापत जाते आणि तळाचा रंग निराळा पडतो. खोट्या सह्यांचे प्रमाण एवढे मोठे आहे, आणि त्यांतल्या कित्येक स्वतःच इतक्या जुन्या आहेत, की मोठे नाव वाचल्यावर प्रथम अविश्वास दाखवणेच योग्य. पाते बिझेनचे दिसत असेल आणि सही सोशूची असेल, तर पात्यावर विश्वास ठेवावा.

सही नसणे हा मात्र दोष नव्हे. सोळाव्या शतकातील सरदार उएसुगी केनशिन याच्या घराण्याशी निगडित ‘यामातोरिगे’ ही कामाकुरा काळातली ताची फुकुओका इचिमोंजी घराण्याची मानली जाते. तिच्यावर सही नाही. तरीही २०२० मध्ये सेतोउची शहराने देणग्या गोळा करून ती ५० कोटी येनना विकत घेतली आणि तिच्या जन्मभूमीत, ओसाफुने येथे आणली. अशा निनावी पात्यांचे श्रेय ठरवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या होनआमी घराण्याने केले. त्यांची दुमडलेल्या कागदावरची प्रमाणपत्रे आणि नाकागोवर सोन्याने जडवलेले निर्णय अजूनही महत्त्वाचे मानले जातात, आणि शोगुन तोकुगावा योशिमुने याच्या आज्ञेवरून नामांकित तलवारींची यादी त्यांनीच तयार केली. आज हे काम मुख्यतः १९४८ मध्ये स्थापन झालेली तलवार जतन संस्था करते. तिच्या प्रमाणपत्रांच्या होझोन, तोकुबेत्सु होझोन, जूयो आणि तोकुबेत्सु जूयो अशा चढत्या पायऱ्या आहेत.

साज

त्सुबा, म्हणजे मूठ आणि पाते यांमधली हाताचे रक्षण करणारी चकती, मुठीवरचे अलंकार, शार्कवर्गीय माशाच्या चामड्यावर गुंफलेली रेशमी पट्टी आणि लाखेचे म्यान हा स्वतंत्र कलाप्रकार असून त्याचे वय पात्याच्या वयाशी जुळेलच असे नाही. चौदाव्या शतकातल्या पात्यावर एकोणिसाव्या शतकातला साज असणे नेहमीचेच. गोतो घराण्याचे काळ्या-निळसर शाकुदो धातूवरचे काम पाहताना पार्श्वभूमीवरचे बारीक दाणे भिंगाखाली न्याहाळावेत : प्रत्येक दाणा एकेका ठोक्याने उठवलेला असतो आणि रांग कोठेही मोडत नाही. १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली तेव्हा या धातुकारांचे पोट एका रात्रीत हरवले. कानो नात्सुओ याच्यासारखा कसबी माणूस त्याआधीच टांकसाळीसाठी नाण्यांचे नमुने घडवू लागला होता, आणि अनेक जण निर्यातीच्या फुलदाण्यांकडे वळले.

सैनिकी साजातली तलवार दिसली, तर ती टाकाऊ किंवा अमूल्य यांपैकी काहीही लगेच ठरवू नये. १९३० ते १९४५ च्या दरम्यान बनलेली बहुतेक पाती कारखान्यातल्या पोलादाची, तेलात निववलेली आणि नाकागोवर शिक्के असलेली आहेत. पण काही अधिकाऱ्यांनी घरातले जुने पातेच सैनिकी मुठीत बसवून नेले होते. युद्धानंतर जपानचा ताबा घेतलेल्या दोस्त सैन्याने तलवारी गोळा केल्या, कित्येक नष्ट झाल्या. तोकुगावा घराण्याने पोलिसांकडे जमा केलेली ‘होंजो मासामुने’ ही राष्ट्रीय ठेवा ठरलेली तलवार त्याच गोंधळात नाहीशी झाली आणि अद्याप सापडलेली नाही.

जपणूक आणि कागदपत्रे

साजासह तलवार दीर्घकाळ ठेवू नये. पाते शिरासाया नावाच्या कोऱ्या लाकडी म्यानात ठेवावे. ते मॅग्नोलियाच्या लाकडाचे असते आणि त्याचे दोन भाग भाताच्या खळीने चिकटवलेले असतात, म्हणजे आत मळ साचला तर ते उकलून स्वच्छ करता येते. पात्यावर लवंगेच्या तेलाचा अत्यंत पातळ थर असावा, आणि पाहण्यापूर्वी तो मऊ कागदाने पाठीकडून, टोकाच्या दिशेने पुसावा. बारीक दगडी पुडीच्या गोळ्याने ठोकून तेल काढण्याची जुनी पद्धत आहे, पण वारंवार केल्यास तिचे सूक्ष्म ओरखडे पडतात; चांगल्या ताज्या घासणीच्या पात्यावर ती वापरू नये. घासणी तर प्रशिक्षित माणसाखेरीज कोणाकडूनही करवून घेऊ नये. क्योतोजवळच्या खाणींतले नैसर्गिक दगड आणि वर्षानुवर्षांचा हात या कामाला लागतो, आणि चुकीच्या हातात एका दुपारी कडा गोल होतात.

जपानमध्ये प्रत्येक तलवारीबरोबर तिचे नोंदणीपत्र असावे लागते. ते प्रांताच्या शिक्षण मंडळाकडून मिळते आणि त्यावर लांबी, बाक, भोकांची संख्या व सही नमूद असते. हातातले पाते त्या नोंदींशी ताडून पाहणे ही खरेदीपूर्वीची पहिली पायरी. मालक बदलल्यास वीस दिवसांत त्या मंडळाला कळवावे लागते. जुन्या घरात नोंद नसलेली तलवार सापडली तर ती हलवण्याआधी पोलिसांना कळवायचे असते, आणि त्यानंतर तपासणी होऊन नोंदणी होते. देशाबाहेर न्यायची असल्यास नोंदणीपत्र परत करून सांस्कृतिक व्यवहार संस्थेचा निर्यात-दाखला घ्यावा लागतो, आणि राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित झालेली पाती बाहेर नेता येत नाहीत. दाखला मिळायला काही आठवडे लागू शकतात, तेव्हा विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी अर्ज विक्रेत्यामार्फत दाखल झाला आहे की नाही, हे विचारून घ्यावे.